उलटा टांगलेला माणूस

आज दुपारी धरमपेठेत माझ्याकडे एक मुलगी टॅरो रीडिंगला, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून आपल्या प्रश्नाकडे बघायला, आली होती. (तिला विचारूनच लिहितेय.) एमपीएससीचा निकाल रखडलेला, घरी लग्नाचा लकडा. पत्ता निघाला बारावा, ‘द हँग्ड मॅन’. बघताच म्हणाली, "ताई, ही फाशी आहे ना हो?"

म्हटलं, नीट बघ. दोर गळ्यात नाही, एका पायाला आहे. दुसरा पाय वाकवून त्याने मागे आडवा घातलाय. आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढलेला हा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्यात हा माणूस ज्या लाकडाला टांगलाय त्याला पानं आहेत, म्हणजे ते जिवंत आहे. डोक्याभोवती तेजाचं वलय. आणि चेहरा! वेदनेचा मागमूस नाही. मला या पत्त्यात सगळ्यात महत्त्वाचा तो चेहराच वाटतो. तो न पाहता ‘अडकाल, त्याग करावा लागेल’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही, समोरचा माणूस घाबरलेला असताना तर मुळीच नाही.

निकालाची तारीख पत्ता सांगत नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, या थांबलेल्या काळात कोणती गोष्ट दुसऱ्या बाजूने बघशील?

बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबांशी मी स्वतः बोललेच नाही. आईच निरोप नेते."

मग पत्ते राहिले बाजूला. बाबांशी कसं बोलायचं, यावरच आम्ही तासभर बोलत बसलो. रविवारी बोलणार आहे ती.