गुरुजींचा ओटीपी

३० सप्टेंबर ही ट्रस्टचे ऑडिट रिपोर्ट भरायची शेवटची तारीख. आमच्या सीए ऑफिसात त्या दिवशी डबे संध्याकाळीच उघडतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या ट्रस्टचं काम आमच्याकडे आहे. एरवी त्याचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असतं, ऑडिट रिपोर्टचा प्रश्नच येत नाही. त्या वर्षी अभ्यासिकेच्या बांधकामासाठी देणग्या आल्या आणि मर्यादा ओलांडली गेली. उत्पन्न पाच कोटींच्या आत, परदेशी पैसा नाही, म्हणून ऑडिट रिपोर्टचा नमुना फॉर्म १०बीबी. सचिव असलेल्या गुरुजींनी ऑगस्टमध्ये आयकर खात्याच्या पोर्टलवरून तो सरांकडे पाठवला होता. सप्टेंबरात गुरुजी गेले.

त्या ३० तारखेला दुपारी सरांनी यूडीआयएन, म्हणजे सीएच्या प्रत्येक रिपोर्टला लागणारा ओळख क्रमांक, काढला, डिजिटल सही केली, फॉर्म अपलोड झाला. लगेच खजिनदारांचा फोन, "झालं ना?"

कुठलं झालं? सीएने फॉर्म चढवला की संपलं, असं सगळ्यांनाच वाटतं. संस्थेने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारला तरच तो भरला असं धरतात. राहिला तर कलम ११ ची, म्हणजे ट्रस्टच्या उत्पन्नावरची करसूट धोक्यात, मग विलंबमाफीसाठी आयुक्तांकडे अर्ज करत बसा. आणि पासवर्ड फक्त गुरुजींना ठाऊक. तो बदलायचा तर ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जाणार.

नंबर चालू होता, कारण घरचा गॅस त्यावरूनच बुक होतो. मी गुरुजींच्या पत्नीला, काकूंना, फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओटीपी कुणी मागितला तर सांगायचा नाही, असं हे बजावून गेलेत."

यावर काय बोलणार! बाई बरोबरच होत्या. मी कोण, त्यांना काय माहीत? शेवटी खजिनदार आणि अध्यक्षबाई त्यांच्या घरी जाऊन बसले. सरांनी फोनवरच बजावलं, "त्या नंबरचा ओटीपी फक्त पासवर्ड बदलून आत शिरायला. मुख्य संपर्क म्हणून आधी अध्यक्षांचं नाव लावा. फॉर्म हयात विश्वस्तानेच स्वीकारायचा." हे मला पटलं. पोर्टलला माणूस गेल्याचं कळत नाही, आपल्याला कळतं.

पहिला ओटीपी वाया गेला. काकू चष्मा शोधत होत्या आणि पंधरा मिनिटं उलटली. दुसरा खजिनदारांनीच वाचून दाखवला. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या आधार ओटीपीने फॉर्म स्वीकारला तेव्हा रात्रीचे सव्वादहा वाजले होते. ट्रस्टच्या आयकर विवरणपत्राला, आयटीआर-७ ला, ३१ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता, तो निवांत भरला.

त्या गडबडीत आणखी एक गोष्ट निघाली. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, हे मंडळींच्या गावीही नव्हतं. तोही मग आम्हीच तयार करून दिला.

हल्ली मी जूनमध्येच प्रत्येक संस्थेला फोन करून विचारतो, पोर्टलवर कुणाचा नंबर आहे? एका शिक्षणसंस्थेत तो नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या कारकुनाचा निघाला.