तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ पडतो, मग पाणी का येत नाही?

आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा फ्रीजच्या दारातल्या खाचेत पेला टेकवून बघतो. बर्फ खडखडत पडतो. पाण्याची पट्टी दाबली की नुसतं टक् होतं. मग ठरलेला प्रश्न. मावशी विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, चवथीला आलेले तर झाडून सगळे: "बर्फाचं मशीन स्वतः उघडून नीट केलंस ना गो, मग पाणी कशाला राहिलं?" म्हणजे, तेवढं जमलं नाही वाटतं.

जमलं होतं. चांगलंच जमलं होतं.

आधी बर्फाचं. सर्व्हिसवाला बघताक्षणी म्हणाला, आख्खी असेंब्ली बदला. पण खडे बंद पडायच्या आधी पोकळ यायला लागले होते, आणि पोकळ खडा म्हणजे साच्यात पाणी कमी. हे मशीन पाणी मोजून घेत नाही. ठरावीक सेकंद व्हॉल्व्ह उघडतो, तेवढ्यात येईल तेवढं पाणी. फोंड्यात आमच्याकडे ओपाच्या जलप्रकल्पाचं नळाचं पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्याच वजनाने उतरतं. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी फ्रीजच्या व्हॉल्व्हपासून चार मीटरही वर नाही, आणि फ्रीजचं पुस्तक दीड बारच्या आसपास मागतं. शिवाय असा व्हॉल्व्ह मिटतोही पाण्याच्याच दाबावर. दाब कमी असला की तो थेंब थेंब गळतो, थेंब नळीच्या तोंडाशी गोठतो आणि नळी बुजते. असेंब्ली नवी आणली असती तरी तीही बुजलीच असती. मी प्लग काढला, हेअर ड्रायरच्या कोमट वाऱ्यावर नळी मोकळी केली (सुरीने बर्फ टोकरू नका, आतला पत्रा फाटला तर गॅस जातो), मागच्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवला. बर्फ सुरू. दारातलं पाणी पूर्वी करंगळीएवढं यायचं, तेही धो धो यायला लागलं.

"ट्रेमध्ये बर्फ होत नाही का?" होतो. ट्रे आहेत. पण बाबांचं डायलिसिस तुम्हाला ठाऊक आहे. दिवसाला लिटरभर पाणी, त्यात चहा आला, आमटी आली, सगळं आलं. तहान लागली की बर्फाचा खडा चघळायचा. रात्री दोन वाजता ट्रे पिळून खडे काढणं त्यांच्या हातांना जमत नाही, मग हाक मारावी लागते, आणि हाक मारणं बाबांना आवडत नाही. दारातून बर्फ पडला की त्यांचे ते घेऊ शकतात. एवढ्यासाठी मी तो फ्रीज उघडला.

आता पंपाचं. दाब उतरला की तो आपोआप घुर्र करतो. बर्फाचा साचा भरताना पाच-सात सेकंद. पेला भरताना जास्त. माझी खोली स्वयंपाकघराला लागून. मे महिना, पंख्याची हवाही गरम. रात्री घुर्र ऐकू यायचं आणि मी न ठरवता मनात आकडे म्हणायची. सहा, सात, आठ, नऊ. आठनंतर कळायचं, हा साचा नव्हे. मी उठायची नाही. स्वतःला सांगायची, माणूस पासष्ट वर्षं घाम गाळून जगला, एक पेला प्याला तर काय. डायलिसिसच्या खुर्चीत बसवण्याआधी वजन करतात. काटा वर वर जात होता. नर्स विचारायची, पाणी जास्त होतंय का हो? बाबा म्हणायचे, छे. मीही गप्प.

मग ती रात्र. पहाटे बाबा पलंगावर पाय सोडून बसले होते, आडवं होता येत नव्हतं, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज. अॅम्ब्युलन्सची वाट बघताना त्यांनी माझं मनगट धरलं ते हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं नाही. ऑक्सिजन, वेळेआधीच डायलिसिस, आणि संध्याकाळी शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न, टाकी भरली का.

घरी आल्यावर मी फ्रीज पुढे ओढला, मागचा पत्रा काढला. व्हॉल्व्हवर दोन कॉइल असतात, एक बर्फाची, एक पाण्याची. पाण्याच्या कॉइलचं कनेक्शन उपसलं, टोकाला टेप गुंडाळली, पत्रा परत लावला.

तुम्ही म्हणाल, नळ घरभर आहेत. तेच तर मी स्वतःला म्हणते. प्यायचंच असेल तर बेसिन दोन पावलांवर आहे. मग मी नक्की काय बंद केलं? गार पाणी? की ते घुर्र, जे मला ऐकायचं नव्हतं? वजन त्यानंतर आटोक्यात आहे, हे खरं. रात्रीचं पाणी त्यांनी स्वतःच सोडलं असेल, हेही शक्य आहे. ज्याच्या हातात सगळं देण्यासाठी मशीन नीट केलं त्याच्याच हातातून काढून घेतलं, असं दादा फोनवर म्हणाला. दुबईहून म्हणणं सोपं आहे. चुकीचं म्हणाला असंही नाही.

आणि बाबांना कळलं नसेल असं समजू नका. खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली, मल्टिमीटर धरायला मला त्यांनीच शिकवलं. आठवड्याने एवढंच म्हणाले, "पाण्याची कॉइल गेली असेल. बघ जरा."

"पार्ट मिळत नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले.

तेव्हा यापुढे आलात की पाण्याचा जग मधल्या कप्प्यात आहे, तो घ्या. पट्टी दाबू नका. आणि ओळखीचा मेकॅनिक पाठवायची तसदी तर मुळीच घेऊ नका. गेल्या चवथीला मामांनी पाठवला होता. त्याने मागचा पत्रा काढला आणि बाबांसमोरच म्हणाला, "हे कुणीतरी मुद्दाम काढलंय."

बाबा म्हणाले, "उंदीर असेल." मग मला म्हणाले, याला चहा दे.