केळीचा सीएमव्ही आणि माझा

किडनी बदलून सहावा महिना चालू होता. ताप शंभराच्या फार वर जायचा नाही, पण उतरायचाही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. मे महिना, रावेर तालुका, पारा ४५ ला टेकलेला. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून पन्हं पाजलं. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड धरून अँटिबायोटिक लिहून दिलं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून मी टॅक्रोलिमस घेतो; काही अँटिबायोटिकनं त्याची रक्तातली पातळी वाढते, असं डिस्चार्जच्या वेळी बजावलेलं होतं. म्हणून आधी पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी २,१०० पर्यंत उतरल्यात हे ऐकून तिकडून एवढंच आलं, "आजच निघा."

टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधी बघतात, आदल्या गोळीला बारा तास झाल्यावर. नेमकी रात्रीची गाडी दोन तास लेट. नऊची गोळी मुठीत घेऊन मी दौंडजवळ उभ्या गाडीत बसलो होतो. घामानं गोळीचं पाकीट ओलं झालं. शेवटी साडेदहाला रक्त दिलं आणि मगच गोळी गिळली.

विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा रिपोर्ट आला : सीएमव्ही. माय शेजारीच होती. तिचीच किडनी माझ्या पोटात आहे. ती पटकन बोलली, "हे तं आपल्या केयीवर यीऊन गेलं!"

डॉक्टरांना काही कळेना. मग मी सांगितलं, आमच्याकडे केळीवर सीएमव्ही येतो, हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे पडतात, मावा कीड तो पसरवते, औषध नाही; झाड उपटायचं न् नष्ट करायचं. एका वर्षी आम्ही नऊशे झाडं उपटली होती. डॉक्टर हसले. तो केळीवरचा विषाणू कुकुंबर मोझॅक, हा माणसातला सायटोमेगॅलो, नावापुरतंच साम्य.

हा बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर पडून राहतो. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पण मायची किडनी परकी म्हणून त्याच पेशींनी तोडू नये, यासाठी आपण औषधांनी त्यांना गुंगीत ठेवतो. पहिले तीन महिने या विषाणूवरचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालू होतं, तोवर निभावलं. ते थांबलं आणि बागेला राखणदारच उरला नाही.

तीच गोळी परत सुरू झाली, आता दुप्पट. जेवणासोबत घ्यायची, मोडायची नाही, भुकटी हाताला लागू द्यायची नाही. गंमत अशी, की ती पांढऱ्या पेशीही घटवते. म्हणून दुसरीकडे मायकोफेनोलेट, टी पेशींना गुंगीत ठेवणारं दुसरं औषध, निम्मं केलं. राखणदार थोडे जागे झाले तर विषाणू आवरेल, पण जास्तच जागे झाले तर किडनीवर धावतील! दर आठवड्याला रिपोर्ट. ताप चौथ्या दिवशी गेला, तरी मायला त्याचं काही नव्हतं. ती फक्त विचारायची, "क्रिएटिनिन किती?" हा आकडा वाढला, की किडनीची काळजी. १.३ चं १.६ झालं, त्या रात्री दोघंही झोपलो नाही. पुढच्या आठवड्यात १.४.

पीसीआर लागोपाठ दोनदा निगेटिव्ह आला, तेव्हा गोळी थांबली. मायकोफेनोलेट हळूहळू वाढवलं. रक्तातलं पोटॅशियम मात्र वाढून ५.६, तेही टॅक्रोलिमसचंच देणं. केळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणजे केळी बंद. परवा बागेत कापणी होती. मायनं मजुरांना पिकलेली केळी वाटली आणि मला वगळून पुढं गेली.