बाविसाव्या रांगेतला दुसरा प्रवासी

दुबईहून पुण्याला येणाऱ्या रात्रीच्या विमानात कुणी रिकामे ग्लास आणि बर्फ मागितला, तर तो देण्याआधी केबिन क्रूने त्या रांगेत एकदा वाकून पाहावं. नुसतं पाणी प्यायचं असेल तर माणूस बर्फाचा आग्रह धरत नाही, आणि तिघांत तीन रिकामे ग्लास तर नाहीच मागत. त्या रात्री बाविसाव्या रांगेतून अशी मागणी आली आणि माझी मागच्या गॅलीतली, म्हणजे जेवण-पाणी ठेवायच्या जागेतली, सहकारी वाकली. मधल्या सीटवरच्या माणसाने दोन पायांत धरलेली ड्यूटी फ्रीची लिटरची बाटली तिला दिसली. सीलबंद पिशवी फाडलेली, बाटली अर्ध्याच्या खाली आलेली. टेक-ऑफ होऊन तेव्हा पाऊण तासही झाला नव्हता.

विमान एअरबस ए-३२०, जवळपास भरलेलं. आम्ही केबिनमध्ये चौघी, इन्चार्ज मी. मागच्या बाजूला एका कंपनीने दुबई फिरवून आणलेल्या डीलर मंडळींचा मोठा ग्रुप होता, पुणे-सातारा-बारामतीकडचा. बाविसाव्या रांगेत तिघे. कडेच्या सीटवर चाळिशीचा, आवाज मोठा. मधला त्याचा दोस्त. खिडकीशी पन्नाशीचे एक काका, डोकं खिडकीला टेकून झोपलेले.

दरवाज्यात उभं राहून आम्ही प्रत्येकाला नमस्कार किंवा गुड इव्हनिंग म्हणतो, ते केवळ स्वागत नसतं. उत्तर यायला लागावं म्हणून ते म्हणायचं असतं. त्या चार-पाच सेकंदांत जीभ जड आहे का, नजर स्थिर आहे का, बोर्डिंग पास काढताना बोटं चुकतात का, हे कळतं. अत्तराचा किंवा माउथ फ्रेशनरचा अचानक भपकारा, प्रश्न एकाला विचारल्यावर उत्तर दुसऱ्याने देणं, मित्राने कोपराला धरून पुढे ढकलणं, या खुणा वासापेक्षा भरवशाच्या आहेत. मोठ्या ग्रुपमध्ये मात्र त्या लपतात, कारण सगळेच हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चढतात.

शंका आली तर दरवाजा बंद होण्याआधी कॅप्टनला सांगायचं. प्रवाशाला न्यायचं की उतरवायचं हा निर्णय त्यांचा. उतरवलं की त्याची चेक-इन केलेली बॅगही विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते, कारण मालकाशिवाय बॅग जाऊ द्यायची नसते. त्यात बराच वेळ जातो, उड्डाणाची ठरलेली वेळ हुकते, म्हणून जमिनीवरच्या मंडळींना 'जाऊ द्या, झोपेल तो' म्हणायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: तो उशीर पत्करावा. गेटवर सुरक्षा कर्मचारी आहेत, डॉक्टर आहे, पोलीस आहेत. अरबी समुद्रावर यातलं काहीच नाही.

'झोपेल आणि उतरेल' हा हिशोबही चुकीचा आहे. ४० टक्क्यांच्या दारूच्या १८० मिलीमध्ये, म्हणजे एका क्वार्टरमध्ये, सुमारे ५७ ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम हटवतं. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास, आणि दुबई-पुणे प्रवास तीन तासांच्या आसपासचा. काळ्या कॉफीने यात काही फरक पडत नाही. दारू प्यायलेला माणूस फक्त जागा राहतो, आणि जागा राहिला की जास्त त्रास देतो. उंचीवर रक्तातलं अल्कोहोल आपोआप वाढत नाही, हेही खरं. पण केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका असतो, रक्तातला ऑक्सिजन आधीच थोडा कमी होतो, आणि त्यावर दारू. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही निरोगी तरुणांना दारू देऊन केबिनइतक्या कमी दाबात झोपवलं, तेव्हा त्यांच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ८५ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि हृदयाचे ठोके वाढले. मधुमेह, रक्तदाब असलेल्या पन्नाशीच्या माणसाचं काय होत असेल ते यावरून ताडावं.

बाटली काढून घेणं हे पहिलं काम, आणि सगळं बिनसतं तेही इथेच. विमानात स्वतःजवळची दारू पिता येत नाही, पण हा नियम वरच्या पट्टीत सांगितला की माणूस सगळ्या ग्रुपसमोर अडून बसतो. म्हणून आम्ही दोघी गेलो. बोलायचं एकीनेच, दुसरीने फक्त हात आणि आजूबाजूची माणसं बघायची. दोघी बोलायला लागल्या की त्याला भांडणाला दोन टोकं मिळतात. मी कडेच्या सीटवरच्या माणसाच्या समोर नाही, जरा मागच्या बाजूला आणि हाताच्या टप्प्याबाहेर, गुडघ्यावर बसले. उभं राहून वरून बोललं की आवाज चढतो. सीट लिस्टवरून नाव घेऊन बोलावं. 'तुम्ही प्यायला आहात' हे वाक्य कधीही वापरू नये. त्यावर 'नाही' याखेरीज उत्तर येत नाही.

"दादा, ही बाटली मी तुमच्या सीट नंबरची चिठ्ठी लावून पुढे ठेवते. पुण्यात उतरताना परत मिळेल."

"ए बाई, फुकटची नाय, पैसे मोजलेत."

"म्हणूनच नीट ठेवते. जेवण गरम आहे, आधी खाऊन घ्या."

मधल्या दोस्ताने बाटली दिली. टूर मॅनेजरला बोलावून ग्रुपमधली दोन शांत, वयाने मोठी माणसं मागवली. नवी दारू कुणालाच द्यायची नाही, हे चौघींनी एकमेकींना सांगितलं. एकीने नकार दिल्यावर माणूस दुसऱ्या गॅलीत जाऊन मागतो. इंटरफोनवरून कॅप्टनला कळवलं. कॅप्टनने बाहेर यावं अशी प्रवाशांची अपेक्षा असते, पण कॉकपिटचा दरवाजा अशा वेळी बंदच राहतो. बाहेर काय चाललंय हे त्यांना आमच्या शब्दांवरून समजतं, म्हणून शब्द मोजके हवेत: सीट नंबर, किती माणसं, काय केलं, आता कुठल्या पातळीवर आहे.

या पातळ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०१७ च्या नियमांतल्या आहेत. शिवीगाळ, अर्वाच्य हावभाव, दारूच्या नशेतला गोंधळ ही पहिली. त्याला तीन महिन्यांपर्यंत विमानप्रवासाची बंदी. ढकलणं, मारणं, पकडणं, लैंगिक हेतूने स्पर्श ही दुसरी, सहा महिन्यांपर्यंत. विमानाच्या यंत्रणेची नासधूस, गळा दाबणं, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न ही तिसरी; किमान दोन वर्षं.

वीस मिनिटं कडेच्या सीटवरचा तो पहिल्या पातळीवर होता. तोंडी समज देऊन झाली, मग कॅप्टनच्या वतीने छापील इशारा दिला. त्याने तो फाडला. फाटलेले तुकडे आम्ही पाकिटात घातले, कारण तोही पुरावा असतो. नंतर ट्रे उचलायला गेलेल्या सहकारीचं मनगट त्याने धरलं आणि घाणेरडं बोलला. तिने हात स्वतःकडे न ओढता त्याच्या अंगठ्याच्या दिशेने फिरवून सोडवला. पकड अंगठ्याकडेच कच्ची असते, आणि हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. ही दुसरी पातळी. त्याक्षणी तिला मी पुढच्या गॅलीत पाठवलं. जिला हात लावला तिने पुन्हा त्या रांगेकडे जायचं नाही, हा माझा नेम आहे.

बांधायचं का, हा प्रश्न तेव्हा आला. रिस्ट्रेंट किटमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या आणि ते कापायचं हत्यार असतं. जीव किंवा विमान धोक्यात असेल तेव्हाच, आणि वेळ असेल तर कॅप्टनला विचारूनच, ते काढायचं. बांधल्यावर माणूस बसलेलाच हवा. पालथा घालून पाठीवर कुणी बसलं तर श्वास कोंडून तो मरू शकतो. पट्टी आणि मनगट यांत बोट जायला हवं, रंग आणि श्वास सतत बघायचा. त्या रात्री गरज पडली नाही. पलीकडच्या बाजूची खिडकीची सीट रिकामी करून घेतली, त्याला तिथे आणि ग्रुपमधल्या त्या दोन दणकट काकांना त्याच्या आणि वाटेच्या मध्ये बसवलं. पंखांवरच्या आपत्कालीन दरवाज्यांपासून ही रांग दूर होती. उंचीवर आतल्या दाबामुळे दरवाजा हाताने उघडत नाही, पण उतरताना आणि जमिनीवर तसं नसतं.

सगळं विमान त्याच्याकडे बघत होतं. खरा धोका खिडकीला टेकलेल्या काकांना होता.

झोपलेल्या प्यायलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी हाक मारून बघायचं असतं. घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण समजून लोक निश्चिंत होतात; प्रत्यक्षात ओढल्यासारखं, मध्ये तुटणारं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते आहे. माझ्या सहकारीने हाक मारली, खांदा दाबला, कानाची पाळी चिमटली. काका हलले नाहीत. कपाळावर गार घाम, शर्ट भिजलेला. केबिन थंड असताना घाम, ही खूण तिने बरोबर पकडली. मधल्या दोस्ताला विचारलं, शुगरची गोळी घेतात का? तो म्हणाला, "हो, सकाळ-संध्याकाळ. पण दुपारपासून जेवलेच नाहीत."

मधुमेहाच्या काही गोळ्या साखर खाली ओढत राहतात, रिकाम्या पोटी दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. दोन्ही एकत्र आलं की माणूस बेशुद्ध होतो आणि दिसतो मात्र प्यायलेला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये; ते फुप्फुसात जातं.

डॉक्टरसाठी घोषणा केली. कडेच्या सीटचा हात टेकायचा दांडा बिजागरीजवळच्या कळीने वर जातो. तो उचलून तिघांनी काकांना बाहेर घेतलं आणि मागच्या गॅलीत डाव्या कुशीवर ठेवलं, तोंड खाली, म्हणजे उलटी बाहेर पडेल. ऑक्सिजन मिनिटाला चार लिटरवर लावला. ३१० लिटरचा सिलिंडर या वेगाने सव्वा तास पुरतो, म्हणून दुसरा शेजारी आणून ठेवला. एक डॉक्टर ताई पुढून आल्या. ग्रुपमध्ये कुणाकडे तरी शुगर तपासायचं मशीन असणार हे त्यांनीच सुचवलं, आणि दोन निघाली. साखर ४१, म्हणजे फारच कमी. आपत्कालीन मेडिकल किट डॉक्टरांचं ओळखपत्र पाहून, कॅप्टनला सांगून उघडतात. त्यातलं ५० टक्के ग्लुकोज त्यांनी शिरेतून दिलं. काही मिनिटांत काकांनी डोळे उघडले आणि पुणं आलं का विचारलं. त्या गोळ्यांचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा घसरते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी बोट टोचलं, आणि गिळता येतं हे पाहिल्यावर ज्यूस आणि बिस्किटं दिली.

वळायचं का, हे कॅप्टनने डॉक्टरांशी इंटरफोनवर बोलून ठरवलं. मस्कत मागे पडलं होतं आणि मुंबईने फारसा वेळ वाचत नव्हता. त्यांनी पुण्याला आधी उतरण्याची परवानगी मागितली. लोहगावचा तळ हवाई दलाचा, नियंत्रण कक्षही त्यांचाच. अँब्युलन्स आणि विमानतळाची सुरक्षा बघणारे सीआयएसएफचे जवान विमान उभं करायच्या जागेवर तयार होते. लँडिंगला काकांना जमिनीवर ठेवता येत नाही. सीटवर बसवून, पट्टा लावून, शेजारी डॉक्टर.

विमान थांबल्यावर सगळ्यांना बसून राहायची घोषणा. आधी काका आणि मधल्या सीटवरचा दोस्त, मग सीआयएसएफबरोबर तो गोंधळ घालणारा, मग बाकीचे. उलट क्रम ठेवला तर वाट अडते आणि स्ट्रेचर आत येत नाही.

पुढचं काम कागदांचं, आणि केस तिथेच टिकते किंवा पडते. निवेदनात 'दारूच्या नशेत होता' लिहू नये. काय दिसलं ते लिहावं: तोंडाला वास, अडखळती जीभ, उठताना सीट धरावी लागली, अर्धी बाटली. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, कितीही घाण असलं तरी. वेळा घड्याळाप्रमाणे. तीन साक्षीदार प्रवाशांचे सीट नंबर आणि सह्या ते पांगण्याआधी घ्याव्यात. बॅगेच्या पट्ट्यावर गेल्यावर कुणी थांबत नाही. बाटली सीलबंद करून पोलिसांकडे. विमान भारतीय नोंदणीचं असल्याने समुद्रावर घडलेल्या गुन्ह्यालाही भारतीय कायदा लागतो. विमानतळ पोलीस ठाण्यात १९३७ च्या विमान नियमांतले नियम २२ आणि २३ सांगावे लागतात. मनगट धरण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७४. त्या कलमाखालची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, आणि पहाटे तशी मागणी करायला संकोच करू नये. वैद्यकीय तपासणी लवकर व्हावी असा आग्रह धरावा. तासागणिक रक्तातलं अल्कोहोल उतरत जातं.

कंपनीने डीजीसीएला उतरल्यापासून १२ तासांत कळवायचं असतं. नोव्हेंबर २०२२ च्या न्यूयॉर्क-दिल्ली विमानातल्या प्रकरणात एअर इंडियाला ३० लाखांचा दंड आणि कॅप्टनचा परवाना तीन महिने निलंबित झाला, तेव्हापासून या घड्याळाकडे सगळे नीट बघतात. बंदीचा निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत देते. दुसऱ्या विमान कंपनीचा आणि ग्राहक संघटनेचा माणूस तिच्यावर असतो.

आमच्या सहकारीने तक्रार मागे घ्यावी म्हणून ग्रुपमधले दोघे-तिघे ठाण्याबाहेर आले होते. "पोरी, सोडून दे, डोक्यात दारू होती, धंद्याचा माणूस आहे," असं प्रेमानेच म्हणत होते. तिने तक्रार दिली. रात्रभर उड्डाण करून आल्यावर चार तास लाकडी बाकावर बसणं सोपं नसतं, आणि बऱ्याच तक्रारी याच थकव्यामुळे दिल्या जात नाहीत. तो वेळ ड्यूटीत धरावा, बरोबर कंपनीचा माणूस द्यावा आणि पुढची फ्लाइट पूर्ण विश्रांतीनंतरच लावावी, एवढं मी त्या दिवसाच्या अहवालात शेवटी लिहिलं. ते आम्हाला मिळालं.