तिकडे एकटं नाही वाटत का गं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी इटलीत, बोलोन्या शहरात राहते. सुट्टीत साताऱ्याला आले की मावशी, शेजारच्या काकू, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांचा हाच प्रश्न, "बोलोन्याला एकटं नाही वाटत का गं?" मी "नाही ओ" म्हणून सोडून देते, पण खरं उत्तर तेवढ्यात मावत नाही.

पहिले सहा महिने वाटलं, खूप वाटलं. मग एकदा भाजीवाल्याकडे गेले आणि सरळ टोमॅटोचा भाव विचारला, तर तो "ब्वॉनजोर्नो" म्हणाला आणि थांबला. मीही ब्वॉनजोर्नो म्हटलं, मग त्याने हसून भाव सांगितला. इथे आधी नमस्कार, मग काम. जिन्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे तेच. बारमध्ये (बार म्हणजे इथे कॉफीची टपरीच म्हणा) सगळे काउंटरला उभ्याउभ्या कॉफी पितात, दोन घोटांत संपते, पण तेवढ्यात कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या नातवाची परीक्षा, कालची मॅच, सगळं बोलून होतं. संध्याकाळी जेवणाआधी लोक नुसते पाय मोकळे करायला निघतात, त्याला पासेज्जाता म्हणतात, आणि आमच्या गावात 62 किलोमीटरचे पोर्तिको आहेत, म्हणजे कमानींचे झाकलेले फुटपाथ, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले, त्यामुळे पाऊस असला तरी कोणी घरात बसत नाही.

पण खरी गोष्ट रविवारची. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला दुपारच्या जेवणाला बोलावलं. मी दारात "पेर्मेस्सो?" म्हटलं, बोलावलेलं असलं तरी म्हणायचंच, आपलं "येऊ का?" तसं. तोर्तेल्लिनी म्हणजे इथला सारण भरलेला छोटा पास्ता, त्यात डुकराचं मांस असतं आणि मी शाकाहारी, हे मी घाबरत घाबरतच सांगितलं होतं. त्यांनी काही न बोलता रिकोत्ता चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी केले होते, जे इथे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, मांस न खाण्याच्या दिवशी करतात. माझ्यासाठी ऐन मार्चमध्ये! पुढच्या रविवारी मला करायलाच बसवलं. पोळीपेक्षा पातळ लाटलेली पारी, तिचे चौकोन, मधे सारण, त्रिकोणी दुमडायचं, कडा दाबायच्या, मग बोटाभोवती गुंडाळून टोकं चिकटवायची. दर दिवाळीला करंज्या भरलेल्या बोटांना काय शिकवायचं, पहिल्याच खेपेला एकही सुटला नाही आणि आजी टाळ्या वाजवायला लागल्या.

सगळीकडे असंच भरलेलं घर असतं असं मात्र समजू नका. आजींच्या टेबलाला बारा खुर्च्या आहेत, आता पाचच भरतात. एक मुलगा जर्मनीत, नातू एकुलता एक. 2023 मध्ये अख्ख्या इटलीत जेमतेम 3 लाख 80 हजार बाळं जन्मली, आपल्याकडे एका जिल्ह्याची लोकसंख्या याहून कितीतरी जास्त. म्हणूनच मला वाटतं, आजी रविवार इतका जपतात, आणि मला जी खुर्ची मिळाली ती रिकामी झालेलीच होती.

आईचा फोन येतो, "जेवलीस का?" जिन्यात आजी भेटल्या की "आय मान्जातो?", म्हणजे तेच.

परवा त्यांनी बरणीभर सॉस दिला. बरणी धुवून ओट्यावर ठेवलीय, रिकामी कशी परत करायची, उद्या शेंगदाण्याची चटणी कुटते, त्यांना ब्रेडवर फार आवडते.