कुचर दाणा आणि झोपलेलं खातं

मागच्या महिन्यात बँकेचा मेसेज आला, तुमचं खातं निष्क्रिय झालंय, केवायसीचे कागद घेऊन शाखेत या. पहिल्या नोकरीतलं सॅलरी अकाउंट, नोकरी सोडली तसं तिकडे फिरकलोच नव्हतो. सलग 2 वर्षं आपण स्वतः काही भरलं-काढलं नाही की खातं असं होतं, आणि 10 वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात (तिथूनही मागता येतात, घाबरू नका). काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "डॉर्मंट आहे तुमचं." फॉर्मवर मात्र निष्क्रिय.

मला ते निष्क्रिय जरा लागलंच. कारण हाच डॉर्मंट शेतीच्या पुस्तकात गेला की सुप्तावस्था होतो, भूगोलात निद्रिस्त ज्वालामुखी होतो, आणि शाळेत बाई म्हणायच्या की याच्यात सुप्त गुण आहेत, म्हणजे सध्या दिसत काही नाही पण आईवडिलांनी आशा सोडू नये. सुप्त म्हटलं की आत काहीतरी आहे असं वाटतं, निष्क्रिय म्हटलं की कुणीतरी आपल्याला ओरडतंय.

आमच्या स्वयंपाकघरात याला तिसराच शब्द आहे, कुचर. मटकी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली, सगळीला छान मोड आले तरी चारदोन दाणे खड्यासारखे तसेच, आणि तेच नेमके मिसळ खाताना दाताखाली येतात. त्या दाण्यांचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही, बाकी दाणा आत चांगला जिवंत असतो. आपण कामात कुचराई म्हणतो ना, तसाच ठपका त्या दाण्यावर. पण मटकी मुळात कोरडवाहू पीक, तिच्या बाजूने विचार करा, पहिल्या पावसाला सगळेच दाणे उगवले आणि मग पावसाने तीन आठवडे ओढ दिली तर सगळंच करपणार, म्हणून काही जण मागे थांबतात, पुढच्या पावसासाठी, कधी पुढच्या वर्षासाठी. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, दुबार पेरणीचं बियाणं त्याला विकत आणावं लागतं एवढाच फरक.

कांद्याचंही तेच. लाल कांदा टिकत नाही, काढला की विका. उन्हाळ कांदा मात्र एप्रिलमध्ये काढून चाळीत (कांदा साठवायची हवेशीर शेड) भरला की चांगली हवा खेळती असेल तर दिवाळीपर्यंत गप्प पडून राहतो, मग कोंब दिसायला लागतात. म्हणजे बघा, आषाढीला देव झोपतो, कार्तिकीला उठतो, त्या चार महिन्यांत आपल्याकडे कितीतरी घरांत कांदा बंद, आणि तो बिचारा पण तेव्हा चाळीत झोपलेलाच! शेतकऱ्याची सगळी आशा एवढीच की कांदा झोपलाय तोवर भाव जागा व्हावा. बहुतेक वेळा उलटं होतं.

द्राक्षवाल्यांना तर झोप परवडतच नाही. आपल्याकडे थंडी पुरेशी नसते त्यामुळे ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (नवी फूट येते त्या जागा) मागेपुढे फुटतात, म्हणून काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून सगळ्यांना एकदम उठवतात. (ते काम करणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही, फार त्रास होतो.)

असो, तर आधार, पॅन, दोन फोटो दिले, पासबुक भरून आणलं. प्रिंटर खरखरत राहिला आणि पानभर ओळी उमटल्या, दर तिमाहीला व्याज, आठ रुपये, नऊ रुपये, इतकी वर्षं मी तिकडे पाहिलंही नाही तरी न चुकता जमा होत होतं. आणि निष्क्रिय कोण म्हणे तर ते!

घरी येऊन आईला हे सगळं ऐकवलं आणि म्हटलं ते कुचर दाणे टाकू नकोस, कुंडीत टाकून बघू. ती म्हणाली, मागच्या वर्षी तुझ्या दाढेचं क्राऊन कशाने निघालं होतं, आठवतंय का?