तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन लिनक्स आलं की लगेच टाकू का?

वर्षातून निदान दोनदा हा प्रश्न येतोच, एप्रिल सरता सरता आणि ऑक्टोबर सरता सरता, म्हणजे उबुंटू नि फेडोरा या लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमच्या) प्रकारांची नवीन व्हर्जन्स येतात तेव्हा. तुम्ही टाकलंत का, कसं आहे, आम्ही टाकू का. भाचा तर काही नमस्कार-चमत्कार न करता थेट "मावशी, आलंय. टाकू?" एवढंच पाठवतो. आणि मी दरवेळी "हो, मी टाकलंय" आणि "तू नको टाकूस" ही दोन्ही उत्तरं एका दमात देते, त्यामुळे लोकांना वाटतं की ही बाई स्वतः मजा मारते आणि आम्हाला अडवते. तर एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पुढे ढकलता येईल.

मी पहिल्या दिवशी बघते. राहायला मात्र दोन-तीन महिन्यांनी जाते. बघायला जाणं वेगळं नि नांदायला जाणं वेगळं, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो, पेनड्राइव्हवरून दहा मिनिटं चालवलं, ॲनिमेशन छान दिसलं, नवीन वॉलपेपर आवडला, की इन्स्टॉलचं बटण दाबून मोकळे.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर मराठी मजकूर उघडा असतो, संध्याकाळी फाइल गेली पाहिजे म्हणजे गेली पाहिजे. त्यामुळे कामाच्या मशीनवर प्रयोग करायची माझी हिंमत नाही. पण खाज आहेच, ती काही जात नाही.

आता थांबायचं का, तर बनवणारेच थांबतात म्हणून. उबुंटूचं बघा. त्यांचा नंबर म्हणजे तारीखच असते, पहिलं ४.१० म्हणजे २००४ चा दहावा महिना, तसंच २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये जे येतं ते एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सांभाळलं जाणारं, त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या सहामाहीवाल्यांना फक्त नऊ महिने. गंमत अशी की ज्याच्याकडे आधीचं एलटीएस आहे त्याला "नवीन आलंय, अपग्रेड करा" ही खिडकी एप्रिलमध्ये दिसतच नाही. पहिलं पॉइंट रिलीज, म्हणजे तोवरच्या दुरुस्त्या घातलेलं व्हर्जन, यावं लागतं, २४.०४ च्या वेळी ते २४.०४.१ ऑगस्टमध्ये आलं. म्हणजे चार महिने उत्साही लोकांनी आपटून घ्यायचं, मग बाकीच्यांना दार उघडायचं, आणि हे काही लपवलेलं नाही, पद्धतच तशी आहे. लोक मात्र "मला अपग्रेड का दिसत नाही" म्हणून वैतागतात आणि इंटरनेटवरून कमांड शोधून जबरदस्तीने करतात. डेबियन या लिनक्सचं तर विचारूच नका, तयार झालं की येईल हाच खाक्या. १२ आलं जून २०२३ मध्ये, १३ आलं ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि येण्याआधी काही महिने नवीन काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या करायच्या, असं सगळं गोठवून ठेवतात.

आणि "बघायला काय जातंय" हेही शंभर टक्के खरं नाही हं. उबुंटू १७.१० ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं आणि डिसेंबरमध्ये त्याची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, डाउनलोडच्या पानावरून काढून घ्यावी लागली, कारण कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपचं बायोसच, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअरच, बिघडत होतं, सेटिंग बदललं तरी सेव्ह होईना. दुरुस्त करून जानेवारी २०१८ मध्ये परत दिली. असं फार क्वचित होतं, मला तरी एवढं एकच ठळक आठवतंय, पण दोन महिने थांबलेल्या माणसाला त्याची झळ लागली नाही एवढं नक्की.

बरं, बघते कशी? व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू सिस्टिमच्या आत एका खिडकीत, बघत नाही. तिथे हार्डवेअर खोटं असतं, त्यामुळे आपल्या वायफायचं, स्क्रीनचं, आवाजाचं काहीच कळत नाही, वॉलपेपर तेवढा कळतो. पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम टाकून ठेवलाय, त्यात आयएसओ नुसती कॉपी करायची, चार-पाच वेगवेगळ्या बसतात, दरवेळी फॉरमॅटची भानगड नाही. चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का हे सांगणारा आकडा, मात्र तपासते. अर्धवट उतरलेल्या आयएसओला शिव्या देण्यात मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे.

लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालू झालं की वायफाय, ब्राइटनेसच्या कळा, आवाज, बाहेरचा मॉनिटर, हे भराभर. मग माझी खरी परीक्षा. टेक्स्ट एडिटर उघडायचा, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावायचा आणि एक वाक्य टाइप करायचं, गेली कित्येक वर्षं तेच वाक्य आहे: "दऱ्याखोऱ्यांत शेळ्या वळणाऱ्याच्या खांद्यावर लखलखीत कुऱ्हाड". हसू नका, यात सगळं आहे. शिफ्ट दाबून J ची कळ म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य, आणि तिथे तो पापणीसारखा चंद्रकोरी रफार आला पाहिजे. कधी ऱ खाली टिंब घेऊन हलन्तासकट तसाच उभा राहतो आणि य शेजारी वेगळा, म्हणजे फॉन्ट गंडलाय. कधी एडिटरमध्ये बरोबर येतं आणि खिडकीच्या टायटलमध्ये तेच मोडतं, कारण तिथे दुसराच फॉन्ट उचललेला असतो. मग शेळ्यांचा श नि लखलखीतचा ल बघायचा, मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण ही मराठी आहे असं प्रोग्रामने सांगितलं तरच मराठी वळण येतं, म्हणून लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की डोळ्यांदेखत ल बदलतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या रिलीजमध्ये हे सगळं काही न करता जमतं त्याला माझ्याकडून पन्नास टक्के मार्क तिथल्या तिथे.

ग्नोम या डेस्कटॉपमध्ये कीबोर्ड बदलणं सोपं आहे, सेटिंगमध्ये मराठी जोडा, सुपर (विंडोजची कळ) नि स्पेस दाबा, झालं. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपात वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) आयबस, म्हणजे भाषांच्या टायपिंगची सोय, चालवायचं तर ते कुठे निवडायचं असतं माहितीये? व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर. समोर खराखुरा कीबोर्ड असताना तिथे कोण कशाला जाऊन बघेल, मला ते सापडायला एक रविवार लागला. एकदा सापडल्यावर सुरळीत चालतं, तक्रार नाही.

वेलँडवरून आठवलं. वेलँडच्या आधीच्या एक्स ११ वर माझी एक स्क्रिप्ट होती, कळ दाबली की दुसऱ्या खिडकीत ठरलेला मजकूर आपोआप टाइप व्हायचा, वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत असं परस्पर घुसू देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण स्क्रिप्ट मेली ती मेलीच. फेडोराने २०१६ मध्ये २५ व्या व्हर्जनपासून वर्कस्टेशनला वेलँड हेच डिफॉल्ट केलं, आणि उबुंटूच्या २५.१० मध्ये तर ग्नोमचं एक्सवालं सेशनच उरलं नाही. तेव्हा असं काही जुनं तुमचंही असेल तर आधी ते करून बघा.

आता लाइव्हमध्ये जे कळतच नाही ते. सस्पेंड. एका रिलीजला, नाव घेत नाही, सगळं अगदी गुळगुळीत चाललं म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात कामाच्या लॅपटॉपवर टाकलं. झाकण बंद केलं, बॅगेत ठेवला, प्रवासाला निघाले. तासाभराने बॅग मांडीवर घेतली तर उबदार लागली. उघडून बघते तो पंखा घोंघावतोय, खालची बाजू हातात धरवत नाही आणि बॅटरी अकरा टक्के. लॅपटॉप झोपलाच नव्हता, नुसता डोळे मिटून पडला होता. नवीन कर्नल आणि माझ्या मशीनची झोपायची पद्धत यांचं जमत नव्हतं. सुदैवाने अपग्रेड केल्यावर जुना कर्नल लगेच जात नाही, ग्रबच्या, म्हणजे बूट होताना येणाऱ्या, मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये बसलेला असतो, तो निवडून बूट केलं नि पुढचे पाच आठवडे तसंच रेटलं, मग कर्नलचं अपडेट आलं आणि विषय मिटला. पाच आठवडे! हेच मी थांबले असते तर मला कळलंही नसतं.

म्हणून आता बघणं आणि राहणं यांच्या मधली एक पायरी केली आहे. डिस्कवर चाळीस जीबीचं एक रिकामं पार्टिशन कायम ठेवलंय, नवीन रिलीज तिथे इन्स्टॉल करायचं आणि शनिवार-रविवार तिथेच बसायचं. त्याला होम (आपल्या फायली नि सेटिंगची जागा) वेगळं द्यायचं, जुनं होम जोडायचं नाही. का, तर नवीन डेस्कटॉप तुमच्या जुन्या सेटिंगच्या फायली परस्पर नव्या पद्धतीच्या करून टाकतो, मग सोमवारी जुन्या सिस्टिमवर आलात की पॅनल गायब, आयकॉन भलतीकडे. फायरफॉक्स तर ६७ व्या व्हर्जनपासून सरळ सांगतो की हे प्रोफाइल नव्या व्हर्जनमध्ये वापरलेलं आहे, जुन्यात उघडणार नाही.

आणि इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनच्या पानावर ईएफआयचं, म्हणजे बूटच्या फायलींचं, छोटं पार्टिशन दिसेल, ते निवडायचं पण त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण असेल तर काढायची. माझ्या भाच्याने ठेवली होती. रात्री साडेअकराला फोन, "मावशी, विंडोज गेलं." गेलं नव्हतं, फक्त बूटच्या फायली पुसल्या होत्या, पण ते त्याला पटेपर्यंत आणि रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवून त्या परत बसवेपर्यंत दोन वाजले. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड नि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) दोन्ही असेल तर ड्रायव्हर टाकल्यानंतर पहिल्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का असं विचारते, आणि दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर निघून जाते. तेव्हा चहा करायला उठू नका. ती हुकली की ड्रायव्हर लोड होत नाही आणि माणूस रिलीजला नावं ठेवत बसतो.

बॅकअपबद्दल सांगत नाही, तुम्ही घेत नाही हे मला माहीत आहे.

आत्ता त्या चाळीस जीबीत नवीन आलेलं बसलंय. कुऱ्हाड पास झाली, ल मराठी आला, प्रिंटरही न सांगता सापडला. झाकण बंद करून रात्रभर ठेवला तर सकाळपर्यंत चार टक्के बॅटरी उतरली, तेही ठीक. तरी कामाचं मशीन जुन्यावरच आहे, हातातलं पुस्तक छपाईला गेल्याशिवाय हलवणार नाही. भाच्याचा सकाळीच मेसेज आलाय, "मावशी, लाइव्हमध्ये मस्त चालतंय, टाकतोच आता." त्याला विचारलं, झाकण बंद करून बघितलंस का. अजून रिप्लाय नाही, बहुतेक इन्स्टॉल चालू असेल.